हरवलेलं नऊ टक्के ऊन

ऊन मोजणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. हे सांगितलं की पुण्यातले नातेवाईक हमखास हसतात. एका मावसभावाने तर विचारलं होतं, "लिटरवर मोजता की मीटरवर?" पण सौरऊर्जेचा प्रकल्प उभा करायचा तर त्या जागी वर्षभरात नेमकं किती ऊन पडतं, हे आधी ठाऊक असावं लागतं. उपग्रहाकडून अंदाज मिळतो, खात्री मात्र जमिनीवरच करावी लागते. त्यासाठी आम्ही एक खांब रोवतो आणि त्यावर पायरॅनोमीटर नावाचं यंत्र बसवतो. वाटीएवढा काचेचा घुमट, त्याच्या आत काळी चकती. चकतीवर ऊन पडलं की ती तापते, तापली की तिच्यातून अगदी कणभर वीज निघते, आणि खालच्या पेटीत त्या विजेवरून उन्हाचा आकडा दर मिनिटाला नोंदला जातो.

असा एक खांब मी उन्हाळ्यात भंडारा जिल्ह्यात, मोहाडीपासून अर्ध्या तासावरच्या एका गावात रोवून आले होते. गावाचं नाव देत नाही. दिलं तर कुणी रागावेल असं नाही, पण मी कुणाला विचारलेलं नाही.

त्या गावाला प्रकल्प मनापासून हवा होता. तलावामागच्या मुरमाड पडीक जमिनीवर तो झाला तर शेतीच्या पंपांना दिवसा वीज मिळणार होती. आत्ता ती बरेचदा रात्रीच येते, आणि उन्हाळी धानाला पाणी द्यायला माणसं अंधारात बांधीत उतरतात. बांधी म्हणजे धानाचं पाणी धरणारं शेत.

डिसेंबरात ऑफिसात आकडे मांडले तेव्हा मात्र घोटाळा दिसला. गावातलं ऊन उपग्रहाच्या अंदाजापेक्षा नऊ टक्के कमी भरत होतं. साहेब नकाशावर बोट ठेवून म्हणाले, "वर चिखल्याला मँगनीजची खाण आहे. धूळ बसत असेल. नाहीतर काच कुणी पुसतच नसेल. जाऊन बघ. पुसणारी बाई बदल. तरी आकडे सुधारले नाहीत तर ती जागा यादीतून काढू."

पहिला दिवस

वरठीच्या स्टेशनावर उतरले तेव्हा हवेत चांगलाच गारठा होता. मोरेश्वरभाऊ मोटारसायकल घेऊन आले होते. पन्नाशीचे, धान पिकवणारे, गावाच्या वतीने या प्रकल्पामागे लागलेले. उन्हाळ्यातही मी त्यांच्याच घरी उतरले होते. माझ्या मांडीवर तुलनेसाठी आणलेलं दुसरं यंत्र होतं, लाकडी पेटीत. ती पेटी कवटाळून मी मागे बसले आणि साहेबांचा धुळीचा अंदाज त्यांच्या कानात ओरडून सांगितला.

भाऊ इतके हसले की गाडी वळली. "चिखला कुठी, आमी कुठी! तिकडची धूळ इकडं याले लागली तं खाणीत काय उरन, मॅडम?"

धान कापून झालं होतं. बांध्यांमध्ये पिवळी खुंटं, आणि त्या खुंटांतूनच लाखोळी नावाच्या कडधान्याची कोवळी हिरवळ वर आलेली. पुण्याच्या माणसाला तलाव म्हणजे मुद्दाम बघायला जायची जागा वाटते. इथे दर वळणाला एक तलाव होता आणि त्याच्याकडे कुणी मान वळवूनही बघत नव्हतं. पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, माणसं जाळी वाळत घालत होती, धुणी वाळत होती, एक म्हातारे गृहस्थ स्वतःलाच वाळत घातल्यासारखे उन्हात आडवे झाले होते.

जेवायला भाऊंच्या बायकोने, लतावहिनींनी, भाताचा डोंगर वाढला. आमच्याकडे पोळी संपली की वाटीभर भात घेतात. इथे भात हेच जेवण, आणि पोळी पाहुण्याची समजूत काढायला. सोबत लाखोळीच्या कोवळ्या पानांची भाजी होती. दुसऱ्यांदा भात नको म्हटल्यावर वहिनी काळजीने म्हणाल्या, "काहून? बरं वाटून नाई राहिलं का?"

दुपारी भाऊंच्या ओसरीवर पाचसहा मंडळी जमली आणि पारबताबाई आल्या. काच पुसायचं काम त्यांच्याकडे होतं. वय पंचेचाळीसच्या आसपास, घर तलावात मासेमारी करणारं. उन्हाळ्यात मीच त्यांना काम शिकवलं होतं. मी चहाचा कप खाली ठेवला आणि सगळ्यांच्या देखत विचारलं, "पारबताबाई, काच रोज पुसता ना?"

"रोज पुसतो जी."

इथल्या बायकाही 'पुसतो', 'जातो' असंच म्हणतात. उन्हाळ्यात पहिले दोन दिवस माझे कान अडखळत होते.

"खरंच रोज? एखादा दिवस राहतही असेल."

पारबताबाईंनी माझ्याकडे सरळ बघितलं. "काहून इचारून राहिल्या?"

ऊन कमी भरतंय, ऑफिसला शंका आहे, असं काहीतरी मी सांगितलं. "म्हणजे मी खोटी," त्या म्हणाल्या, आणि पदर सावरून निघून गेल्या. त्यांचा चहा तसाच राहिला.

"हे बरं नाई झालं, मॅडम," मोरेश्वरभाऊ हळूच म्हणाले. मग त्यांनी मला जे सांगितलं ते उन्हाळ्यात मी कधी विचारलंच नव्हतं. पारबताबाईंचा दीर दुसऱ्याचं शेत बटईने, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, करायचा. दोन वर्षांपूर्वी तो रात्री मोटर सुरू करायला गेला आणि त्याला साप चावला. जीव वाचला, पाय गुडघ्याखाली काढावा लागला. "तवापासून थे म्हणते, दिवसाची वीज आली पायजे. त्या खांबावर तिचा जीव हाये. अन् तुमी तिलेच इचारलं."

दुसरा दिवस

सूर्य उगवायच्या आत मी एकटीच खांबाकडे निघाले. पारबताबाई येणार नाहीत अशी खात्री होती, म्हणून काच मीच पुसणार होते. तलावावर दाट धुकं होतं. त्यात एक डोंगा, लहानशी होडी, हळूहळू सरकत होता आणि त्यातला माणूस वाकून शिंगाडे तोडत होता.

जवळची वाट म्हणून मी दोन बांध्यांमधल्या धुऱ्यावरून, अरुंद बांधावरून, गेले. दवाने गवत निसरडं झालं होतं. पाय सरकला आणि मी सरळ तलावाच्या पाझराने ओल्या राहिलेल्या बांधीत, चिखलात गुडघ्यापर्यंत रुतले. दोन्ही हात वर, हातांत पेटी. पाय काढायला जावं तर पेटी कलंडणार, पेटी ठेवावी तर खाली चिखल. अशी किती वेळ उभी होते कोण जाणे. मग धुरा थरथरला आणि समोर पारबताबाई उभ्या.

"आधी डबा द्या," त्या म्हणाल्या.

पेटी घेऊन त्यांनी ती कोरड्या जागी ठेवली, तिच्यावर डोक्यावरचा टॉवेल पांघरला, आणि मगच मला हात दिला. बाहेर निघाल्यावर दोघी एकीमागे एक खांबापर्यंत गेलो.

मी बाजूला उभी राहून त्यांचं काम बघितलं. त्यांनी आधी काचेवर स्वच्छ पाण्याची धार सोडली, म्हणजे धुळीचे कण काचेवर घासले जाणार नाहीत. मग मऊ सुती फडक्याने टिपलं. जरासुद्धा घासलं नाही. मग वाकून यंत्राच्या बुडाशी असलेला पाणसळाचा बुडबुडा पाहिला आणि स्वतःशीच म्हणाल्या, "मधात हाये." यंत्र सपाट बसलं आहे की नाही हे त्या बुडबुड्यावरून कळतं. तो बघायला मी एकदाच, ओझरतं सांगितलं होतं. त्या तो रोज बघत होत्या.

मला फार ओशाळल्यासारखं झालं. पण माफी मागायलाही आधी गोष्ट नीट कळायला हवी होती. मी आणलेलं यंत्र पहिल्याच्या शेजारी बसवलं. आता दोन घुमट एकच ऊन मोजणार होते.

धुकं विरलं, ऊन आलं आणि आमचा दिवस सुरू झाला. दर थोड्या वेळाने मी दोन्ही आकडे लिहून घ्यायची. पारबताबाई घरी गेल्या नाहीत. थोड्या वेळाने डोंग्यातला तो माणूस, त्यांचे यजमान दसरथभाऊ, उकडलेले शिंगाडे देऊन गेले. काळ्या टरफलाला दोन शिंगं, आत पांढराशुभ्र गर. कसा सोलायचा हे मला कळेना. दोनदा बोटाला काटा टोचल्यावर पारबताबाईंनी न बोलता सोलून माझ्यापुढे ठेवायला सुरुवात केली.

सकाळी नऊ वाजता जुन्या यंत्राचा आकडा नव्यापेक्षा नऊ टक्के कमी. बारा वाजता नऊ टक्के कमी. तीन वाजता, ऊन तिरपं झाल्यावर, पुन्हा नऊ टक्के. मी वही मांडीवर ठेवून बघत राहिले. धूळ असती तर काच नुकतीच पुसलेली असताना फरक दिसायला नको होता. यंत्र कललेलं असतं तर सकाळचा आणि संध्याकाळचा फरक वेगळा आला असता. हा फरक कशानेच हलत नव्हता.

"कमीच हाये ना?" पारबताबाईंनी विचारलं. दिवसभरात त्या पहिल्यांदा आपणहून बोलल्या होत्या.

"कमी आहे. पण तुमच्यामुळे नाही."

त्यांनी कनवटीला खोचलेली वही काढली. काच पुसल्याची तारीख लिहायला मीच ती दिली होती. त्यांनी दर तारखेपुढे आकाशही काढलं होतं. लख्ख ऊन असलं तर रिकामा गोल, ढगाळ असलं तर अर्धा काळा केलेला, पावसाचं असलं तर पूर्ण काळा. कुठे कुठे चौथीच्या अक्षरात एखादा शब्द होता: 'धुयारी', म्हणजे धुकं. एका ठिकाणी 'पाणकावळा बसला, हाकलला'. एकही तारीख सुटलेली नव्हती. मी लॅपटॉपवर रिकाम्या गोलांचे दिवस शोधले. सगळे नऊ टक्क्यांनी कमी. आदल्या दिवशीच्या जोराच्या पावसाने काच आपोआप धुतली गेली होती असे दिवस शोधले. तेही नऊच.

"मंग चूक कोनाची?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही. बहुतेक तारेची," मी म्हणाले.

तिसरा दिवस

सकाळी यंत्रातून खालच्या पेटीत जाणाऱ्या सगळ्या तारा तपासल्या. एकही सैल नव्हती. आता एकच गोष्ट राहिली होती.

अशा प्रत्येक यंत्राचा आपला एक आकडा असतो. किती उन्हाला ते किती वीज देतं, हे कारखान्यात तपासून त्याच्या अंगावरच्या पट्टीवर लिहितात, आणि त्याच्या पेटीवरही. तो आकडा खालच्या नोंदपेटीत भरायचा, म्हणजे विजेवरून ऊन काढता येतं. यंत्र बसवलं की ती पट्टी पांढऱ्या झाकणाखाली जाते, मग सहसा कुणी बघत नाही. मी स्क्रू काढले, झाकण उचललं आणि पट्टी वाचली.

तो आकडा मी भरलेला नव्हता. यंत्राचा क्रमांकही माझ्या कागदावरचा नव्हता.

मला त्या उन्हाळ्यात इथे येताना वाटेत नागपूरला घेतलेली लॉजची खोली आठवली. दोन यंत्रं होती, एक इथलं आणि एक पश्चिम महाराष्ट्रातल्या दुसऱ्या जागेचं. दोन्ही तपासायला बाहेर काढली होती, परत ठेवताना पेट्यांची अदलाबदल झाली होती. आणि मी आकडा यंत्रावरून न लिहिता पेटीच्या झाकणावरून लिहिला होता. बाहेर कडक ऊन होतं, परतीची गाडी गाठायची होती. बस, एवढंच. वीस वर्षं हे काम करते आहे मी.

"सापडलं का?" पारबताबाई खांबापाशी उभ्या होत्या.

खरं सांगते, 'तार सैल होती' हे वाक्य माझ्या जिभेवर अगदी तयार होतं. नोंदपेटीत बरोबर आकडा भरायला अर्धं मिनिट लागलं असतं. कुणालाही कळलं नसतं, पारबताबाईंवरचा आळही गेला असता. ते वाक्य मी गिळलं.

"सापडलं. चूक माझी आहे," मी म्हणाले, आणि त्यांना सगळं सांगितलं. दोन यंत्रं, दोन पेट्या, दोन आकडे.

त्या पाळीवर बसून विचार करत राहिल्या. मला वाटलं, आता रागावतील. पण त्या म्हणाल्या, "म्हणजे आमचा आकडा तिकडं गेला, अन् तिकडचा इकडं आला."

"हो."

"मंग तिकडचं ऊन जास्त दिसत असन."

इतका वेळ मी माझ्याच चुकीत बुडाले होते, पुढचं मला सुचलंच नव्हतं. त्या दुसऱ्या जागेचं ऊन अपेक्षेपेक्षा जास्त भरत होतं हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. तिथे कुणी तपासणीला गेलं नाही, कुणाला बदलायचं ठरलं नाही. आकडे चांगले होते म्हणून आम्ही खूश होतो. ती जागा यादीत सगळ्यात वर होती, आणि तिथला प्रकल्प त्या आकड्यांवर बेतला जात होता. तो उभा राहिला असता तर सांगितली तेवढी वीज कधीच निघाली नसती.

मी तिथूनच साहेबांना फोन केला. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही, आणि तेच जास्त कठीण गेलं. शेवटी एवढंच म्हणाले, "दोन्ही जागांचं लेखी पाठव. आजच. आणि तिथल्या बाईंना काही बोलली असशील तर ते आधी निस्तर."

फोन ठेवल्यावर पारबताबाईंनी विचारलं, "लय बोलले का?"

"नाही. काहीच बोलले नाहीत."

"थे जास्त लागते," त्या म्हणाल्या. आणि मग काळजीने, "पर आता इतक्या महिन्याचं सारं टाकून द्याचं का?"

याचं उत्तर देताना मात्र मला बरं वाटलं. काहीच टाकायचं नव्हतं. नोंदपेटीत मूळ वीज मिनिटामिनिटाला लिहिलेली होती. बरोबर आकड्याने हिशेब पुन्हा केला की हरवलेलं नऊ टक्के ऊन जागच्या जागी परत येणार होतं. काच रोज स्वच्छ होती म्हणूनच ते शक्य होतं. मध्ये धूळ साचली असती तर कुठलं कमी धुळीचं आणि कुठलं माझ्या चुकीचं, हे कधीच वेगळं करता आलं नसतं.

त्या मान हलवत ऐकत होत्या. "म्हणजे पुसलं थे कामी आलं."

"तेच कामी आलं."

संध्याकाळी मी मोरेश्वरभाऊंना सांगून परवाच्याच मंडळींना ओसरीवर बोलावलं. पारबताबाई आल्या, दसरथभाऊ आले, आणि कुबडी टेकत त्यांचा दीरही आला. मी उभी राहिले आणि सांगितलं की परवा मी इथे ज्यांच्यावर शंका घेतली त्यांचं काम चोख आहे, चूक मी केली होती आणि ती त्यांच्या वहीमुळे पकडली गेली. पाचसहा वाक्यं असतील.

मग तो दीर म्हणाला, "मॅडम, ऊन पुरते ना पर आता? प्रकल्पाले?"

"पुरतं," मी म्हणाले. "आम्ही धरलं होतं तेवढं आहे."

"मंग झालं," तो म्हणाला, आणि ओसरीवर एकदम सगळेच बोलायला लागले.

पारबताबाईंनी घरून मासळी आणली होती. तलावातली बारीक मासळी, लसूण आणि लाल मिरचीच्या वाटणात शिजवलेली. काटे कुठे संपतात आणि मासा कुठे सुरू होतो हे मला समजत नव्हतं. त्या माझ्या शेजारी बसल्या होत्या. माझी धडपड थोडा वेळ बघून म्हणाल्या, "काटे नोका काढू. चावून खाजा, विरघळते." मी तसंच केलं. त्या रश्श्यासोबत भाताचा डोंगर दुसऱ्यांदाही संपवला, तेव्हा लतावहिनींचा माझ्या तब्येतीवर विश्वास बसला.

परत आल्यावर

चौथ्या दिवशी निघाले. मोहाडीला आठवडी बाजार होता. मोरेश्वरभाऊंना काही घ्यायचं होतं म्हणून तासभर थांबलो, मी दोन किलो शिंगाडे घेतले. ऑफिसात वाटले. सोलता कुणालाच आले नाहीत, मी मात्र आता न टोचून घेता सोलू शकते.

दोन्ही जागांचा अहवाल माझ्या नावानिशी गेला. काही दिवस ऑफिसातली कुजबुज ऐकून घ्यावी लागली, ते रास्तच होतं. दुसऱ्या जागेचा आराखडा थांबवून नव्या आकड्यांवर पुन्हा मांडला गेला. तो प्रकल्पही होईल, जरा वेगळ्या मापाचा. आणि भंडाऱ्याची जागा यादीतून निघाली नाही. गेल्या आठवड्यात तिला मंजुरी मिळाली. मुरमाड जमिनीवर मोजणीदार येऊन गेले, असं मोरेश्वरभाऊंनी कळवलं. वीज यायला अजून बराच वेळ आहे, मध्ये शंभर अडचणी येतील, हे त्यांनाही माहीत आहे. तरी फोनवर त्यांचा आवाज हसत होता.

आमच्या ऑफिसने आता एक नवं ठरवलं आहे. राज्यभरच्या आमच्या खांबांची देखभाल करणाऱ्या सगळ्यांना दोन दिवस नागपूरला बोलवायचं आणि काम नीट शिकवायचं. शिकवायला कोण, असं साहेबांनी विचारलं तेव्हा मी पारबताबाईंचं नाव सांगितलं. ते लगेच हो म्हणाले.

मी त्यांना फोन केला. आधी त्यांना ती थट्टा वाटली, मग नवऱ्याला विचारते म्हणाल्या, मग न विचारताच हो म्हणाल्या.

"पर मी तठी काय सांगू, मॅडम?"

"पाण्याची धार कशी सोडायची, टिपायचं कसं, बुडबुडा, आकाशाचे गोल. तुम्ही करता ते सगळं."

"अन् थे तुमच्या चुकीचं?"

"आधी तेच सांगा," मी म्हणाले.

पलीकडून त्या मोठ्याने हसल्या. "तुमी समोर बसून असान तं सांगीन. मांगून नाई सांगत मी कोनाचं."

मी पहिल्या रांगेत बसणार आहे.